बिबड्यांवरचा भुसा: जळगावातल्या एका गॅरेज-वर्कशॉपचं प्रकरण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते. दिवसभर गच्चीवर वाळलेल्या बिबड्या ताईंनी संध्याकाळी खाली आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या बाजेवर धोतर अंथरून पसरून ठेवल्या. सकाळी डब्यात भरायला घेतल्या तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. सगळ्या बिबड्यांवर पिठासारखी तपकिरी भुकटी बसली होती. त्यांनी ती चोळून हुंगली, तर सागाचा वास आला. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, घाटा शिजवून घातलेलं वाळवण होतं ते. ताईंचं माहेर अमळनेरकडचं, आणि राग आला की त्यांची भाषाही माहेरी जाते. "हाऊ भुसा मन्हा घरमा नको," एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांनी मला फोन केला.

अण्णा माझे साडू, ताई माझ्या बायकोची थोरली बहीण. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिल्प निदेशक होतो, त्यामुळे लाकडाचं काहीही अडलं की घरात मलाच बोलावणं येतं. अण्णा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली काढली आणि गॅरेजात वर्कशॉप थाटलं. त्या दिवसांत ते आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीसाठी सागवानी झोपाळा करत होते. फळी घासायचं काम रोज चार-चार तास चाललं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. घराला चिकटलेलं गॅरेज, मधे एकच दार, दाराखाली फट, खिडकीत कूलर ही मांडणी जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही जा, प्लॉटवरच्या घरांत सर्रास दिसते. आणि अशा घरात धूळ शिरते ती झाडलोट कमी पडते म्हणून नव्हे. अण्णा मला माहीत असलेल्या माणसांमध्ये सगळ्यात टापटिपीचे. रोज संध्याकाळी पाऊण तास त्यांची साफसफाई चालायची. तरीही बिबड्या खराब झाल्या.

जागा आणि रोजची पद्धत

गॅरेज १८ फूट लांब, ११ फूट रुंद, उंची १० फूट. पश्चिमेला रस्त्याकडे रोलिंग शटर. समोरच्या म्हणजे पूर्वेकडच्या भिंतीत स्वयंपाकघरात उघडणारं दार, त्यावर झडपेचा झरोका. उत्तरेच्या भिंतीत खिडकी, खिडकीत लोखंडी कूलर. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ पर्यंत जातो, कूलरशिवाय तिथे तासभरही उभं राहवत नाही. खाली सिमेंटचा कोबा.

टेबलाखाली उलटा बसवलेला हातकटर, छोटं रंधा मशीन, पॉलिश पेपर लावायचा गोल सँडर, ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि एक कॉम्प्रेसर. लाकूड बहुतेक जुनं. आपल्याकडे गावोगावची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं पडतायत, त्यांचे सागवानी सरे (छताची आडवी लाकडं) आणि खांब भंगारवाल्यांकडे मिळतात. साग अव्वल, पण त्यावर पिढ्यानपिढ्यांची पांढरी माती आणि चुलीची काजळी बसलेली. अण्णा ते सरे तसेच आत आणून भिंतीला लावून ठेवायचे आणि आतच तारेच्या ब्रशनं खरवडायचे.

संध्याकाळची साफसफाई ठरलेली. आधी कॉम्प्रेसरची हवा मारून मशीनच्या सांदीकोपऱ्यातला भुसा उडवायचा, मग फड्यानं झाडायचं, मग सुपडीनं गोणीत भरायचं. हे सगळं करताना कूलर चालू, कारण घाम. आणि आत ताई पोळ्या करत असायच्या तेव्हा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा चालू. धूळ येते म्हणून त्या तो पंखा हल्ली दिवसभर लावून ठेवत होत्या.

वर्षभरापूर्वी अण्णांनी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ब्लोअर आणि कापडी पिशवीचा धूळ ओढणारा संच बनवून घेतला होता. "भुसा काय, पीठसुद्धा बाहेर येणार नाही," असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मी पोचलो त्या दिवशी अण्णांनी तो माझ्यासमोर सुरू केला. पडलेली पिशवी फस्स करून फुगली आणि तिच्या चारी अंगांनी धुराचा लोट निघावा तशी बारीक भुकटी बाहेर आली. पिशवी काढून उन्हात धरली तर विणीतून सुया टोचल्यासारखा उजेड दिसत होता. ढलप्या आणि जाड भुसा त्या पिशवीत राहत होता, तो तसाही जमिनीवर पडलाच असता. जो भुसा छातीत जातो, तोच नेमका गाळून, बारीक करून हा संच खोलीभर पसरवत होता.

आधी बघणं, मग उपाय

अण्णांना लगेच नवा, मोठा संच घ्यायचा होता. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. धूळ कसली आहे आणि ती कुठल्या वाटेनं जाते हे कळल्याशिवाय एक रुपया घालायचा नाही.

पहिल्या रात्री आम्ही एवढंच केलं: साडेआठला काम थांबवलं, कूलर बंद केला आणि साडेनऊला दिवे मालवून टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर आडवा धरला. तासभर कुणी काही हलवलेलं नव्हतं. तरी उजेडाचा पट्टा भिंतीपासून भिंतीपर्यंत दूध सांडल्यासारखा भरलेला दिसत होता. कण खाली येत नव्हते, आडवे तरंगत होते. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर झाडून झालं की मास्क काढतो."

त्यांचा मास्क म्हणजे नाकाला बांधलेला गमछा.

कणांचा हिशेब साधा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला अकरा मिनिटं लागतात. तोच कण १ मायक्रॉनचा असेल तर त्याला १६ तास लागतात. आणि ही सगळी गणितं हवा अगदी स्थिर असेल तर. पंखा चालू असला की ते कण पुन्हा पुन्हा वर उडत राहतात. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण एकेकटे डोळ्याला दिसतही नाहीत. संध्याकाळी झाडून लख्ख केलेल्या कोब्यावर सकाळी पुन्हा साय धरलेली दिसायची ती यामुळे. अण्णांना वाटायचं, शटरखालून रस्त्याची धूळ येते.

रस्त्याची धूळ किती आणि लाकडाची किती, हे वेगळं करणं गरजेचं होतं. आपल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कुठे नसते? म्हणून पाच स्टीलची ताटं घासून-पुसून एक दिवस-रात्र ठेवली: एक गॅरेजात रॅकवर, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, एक ओट्यावर, एक हॉलमध्ये, एक गच्चीवर. दुसऱ्या दिवशी गच्चीवरचं ताट करड्या-काळ्या थरानं भरलं होतं. गॅरेजातलं तपकिरी. उंबऱ्याशी ठेवलेलं जवळजवळ तितकंच तपकिरी. ओट्यावरचं फिकट, पण तपकिरीच. हॉलमधल्यात दोन्ही रंगांची सरमिसळ. म्हणजे स्वयंपाकघरातली धूळ रस्त्यावरून येत नव्हती.

प्रत्येक ताटातली चिमूट काचेच्या वाटीतल्या पाण्यात टाकली. लाकडाची भुकटी वर तरंगत राहिली, माती तळाशी जाऊन पाणी गढूळ झालं. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कागदात गुंडाळून कोरड्या धुळीवरून फिरवलं. कागदाला काळी लव चिकटली. इथे एक सावधगिरी हवी. काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यातही चुंबकाला चिकटणारे कण असतात, त्यामुळे नुसतं चिकटलं म्हणून ते ग्राइंडरचं लोखंड ठरत नाही. भिंगाखाली फरक कळतो. ग्राइंडरची ठिणगी हवेत वितळून थिजते, तिचे बारीक गोल मणी होतात, काही कण वळलेल्या तारेसारखे दिसतात. मातीतले कण खडबडीत, कोपरे असलेले. गच्चीवरच्या ताटात कोपरे होते. ओट्यावरच्या ताटात गोल मणी होते. हे बघून ताई खुर्चीत बसल्या. भाजी चिरण्याच्या जागेवर ग्राइंडरचं लोखंड पडत होतं.

झोपाळ्याच्या फळीवर अण्णांना निळसर काळे ठिपके दिसत होते आणि ते त्यांना बुरशी समजून पुसत होते, त्याचाही उलगडा इथेच झाला. सागात टॅनिन नावाचा तुरट घटक असतो. त्यावर लोखंडाचे कण बसले, कूलरच्या दमट हवेनं ओल लागली, की काळा डाग पडतो. बाभळीच्या लाकडावर तर हे फार लवकर होतं, तिच्या सालीनं कातडं कमावतात ते या टॅनिनमुळेच. फळीवरचे डाग नंतर पाण्यात विरघळवलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडनं गेले, हातमोजे घालून आणि शेवटी भरपूर पाण्यानं धुऊन.

उदबत्तीनं दाखवलेली वाट

या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वस्तू देवघरातून आली. एक उदबत्ती पेटवून मी गॅरेजच्या बाजूनं दाराखालच्या फटीशी, जमिनीवर टेकून धरली.

कूलर बंद, स्वयंपाकघराचा पंखा बंद: धूर सरळ वर. मग ताईंनी आतला एक्झॉस्ट लावला. धुराची रेघ वाकली आणि फटीकडे झुकली. त्यात अण्णांनी गॅरेजचा कूलर लावला, तशी ती रेघ जमिनीला चिकटून आडवी झाली आणि सुईत दोरा ओवावा तशी दाराखालून आत गेली. मी पलीकडे जाऊन पाहिलं. धूर फटीतून निघून बाजेखालून वर चढत होता आणि एक्झॉस्टकडे चालला होता. बाज नेमकी त्या वाटेत होती.

गोष्ट आता उघड होती. कूलर बाहेरची हवा ओढून गॅरेजात कोंबतो. शटर बंद असलं की त्या हवेला जायला वाट लागते. पलीकडे एक्झॉस्ट स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकतो, त्याला भरपाईची हवा लागते, आणि उन्हाची झळ नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावलेली. एका बाजूनं ढकलणारा, दुसऱ्या बाजूनं ओढणारा, आणि मधे बोटभर फट. धूळ घालवायला म्हणून ताई जो पंखा दिवसभर लावत होत्या, तोच धूळ आत ओढत होता.

मग मी आणखी एक प्रयोग केला, कारण उत्तर तिथे असणार असं वाटलं. गॅरेजचा कूलर बंद, स्वयंपाकघराचा पंखा बंद, आणि हॉलमधला मोठा कूलर चालू. फटीशी धरलेला धूर उलटा फिरला. घरातली हवा दाराखालून गॅरेजात येत होती. ज्या यंत्रानं धूळ घरात जात होती, त्याच जातीच्या यंत्रानं ती गॅरेजातच थोपवता येत होती. फक्त कूलरची जागा बदलायची होती.

काय केलं

गॅरेजचा कूलर काढला. अण्णांना ते जड गेलं आणि मला समजत होतं. पण त्या जागी गरम कोंडी होऊ दिली नाही. दारावरच्या झरोक्याची झडप उघडी ठेवली, हॉलचा कूलर जोरात लावला, आणि गॅरेजात बाहेर फेकणारा एक्झॉस्ट बसवला. घरातली गार, ओलसर हवा झरोक्यातून गॅरेजात उतरते, पूर्वेकडून पश्चिमेकडे सगळी खोली धुऊन बाहेर पडते. माणसानं दाराकडे तोंड करून उभं राहायचं नाही, तर काम शटरच्या बाजूला ठेवून दाराकडे पाठ करायची, म्हणजे स्वच्छ हवा आधी नाकाशी येते आणि धूळ पुढे जाते. दाराच्या खाली रबरी पट्टी मारली, कारण पंखे बंद असतात तेव्हाही धूळ इकडेतिकडे भटकते. स्वयंपाकघराचा पंखा लावायचा तर आधी तिथली खिडकी उघडायची, हा नियम ताईंनी स्वतःच केला.

एक्झॉस्टच्या जागेत मी चूक केली. कूलर काढलेल्या खिडकीत आयती जागा होती म्हणून तो उत्तरेला बसवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी दोरीवरच्या साडीचा पदर घेऊन आल्या. चांगल्या शब्दांत बोलल्या, पण पदरावर सागाचा भुसा होता. आपल्या घरातली धूळ लोकांच्या घरात घालणं हा उपाय नव्हे. पंखा शटरशेजारच्या भिंतीत हलवला, त्याच्या आतल्या बाजूला धुता येणारी फिल्टरची चौकट लावली. पश्चिमेचा वारा सुटला की पंखा उलटा घुमतो, म्हणून बाहेरून झडप. वैशाखात वावटळी सुटतात त्या दुपारी तीही पुरत नाही. त्या दुपारी घासायचं काम करायचं नाही, करवतीचं किंवा जोडणीचं करायचं.

गॅस गीझर असलेल्या घरात असा जोराचा एक्झॉस्ट लावताना जपा. घर बंद असलं आणि पंखा हवा ओढत असला की गीझरचा धूर बाथरूमबाहेर जाण्याऐवजी आत रेंगाळू शकतो. अण्णांकडे गीझर विजेवरचा होता.

हवेची दिशा वळवली तरी धूळ निर्माण होतच होती. ती जिथे निघते तिथेच धरायची, हा दुसरा अर्धा भाग. ब्लोअरचा संच विकला. त्याऐवजी बारीक धुळीचा फिल्टर असलेला ओला-कोरडा व्हॅक्युम क्लीनर घेतला, आणि त्याच्या आधी भोवऱ्यासारखी हवा फिरवणारा सायक्लोन जोडला. हवा शंकूत गरगरते, जड भुसा भिंतीला लागून खाली पिंपात पडतो, बारीक तेवढा पुढे फिल्टरकडे जातो. फिल्टर मग लवकर तुंबत नाही आणि ओढ टिकते. पिंप म्हणून आधी रंगाची वीस लिटरची बादली लावली होती. नळीचं तोंड क्षणभर बंद झालं तशी ती कागदाच्या पेल्यासारखी आत चेपली. मग पत्र्याचं पिंप आणलं. कटरखाली प्लायची पेटी करून तिला नळी लावली. सँडरला नळी जोडायचं तोंड आधीपासून होतं, ते कधी वापरलंच गेलं नव्हतं. त्या एका तोंडानं जेवढा फरक पडला तेवढा कशानंच नाही.

पाइप पीव्हीसीचे. ते जळगावात कुठेही मिळतात, त्याचा अडसर नव्हता. पण काटकोनी एल्बो टाळा, लांब वळणाचा बेंड लावा, नाहीतर भुसा वळणात अडकतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्या पाइपात स्थिर वीज इतकी साठायची की हात लावला की चटका बसे. बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली, चटके थांबले.

ग्राइंडर गॅरेजाबाहेर, मागच्या पडवीत गेला. तो पुन्हा आत येऊ नये असं माझं ठाम मत आहे. डागांची गोष्ट बाजूला ठेवली तरी लाकडाच्या भुशात ठिणगी पडणं म्हणजे तासाभरानं धुमसणारी आग. ग्राइंडरची धूळ लाकडाच्या पिंपात कधीही ओढायची नाही.

आगीचाच आणखी एक प्रकार तिथे सापडला. अण्णा झोपाळ्याला जवसाचं तेल लावत होते आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून भुशाच्या गोणीत टाकत होते. मी गोणी रिकामी करताना एक बोळा हातात घेतला, तो आतून कोमट होता. जवसाचं तेल वाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता उडून जाते, चुरगाळलेली असेल तर आत साठते आणि कुणी काडी न लावता चिंधी पेटू शकते. मे महिन्यातलं बंद गॅरेज, भुशाची गोणी, त्यात असा बोळा. त्या दिवसापासून चिंध्या अंगणातल्या तारेवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळतात, मगच कचऱ्यात जातात.

धाब्याचे सरे आता अंगणातच थांबतात. आधी पाणी मारून माती भिजवायची, ओल्यातच खरवडायची, खिळे काढायचे, दोन दिवस वाळवायचं, मग आत. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका (वाळूतला कठीण घटक) असते, ती छातीला लाकडाच्या भुशाहून कमी वाईट नाही. सागातही थोडी सिलिका असते, पात्यांची धार लवकर जाते त्याचं ते एक कारण.

कोब्याचा शोध सगळ्यात शेवटी लागला. सगळं आवरल्यावरही जमीन पायाला पिठूळ लागत होती. पालथा तळहात घासला तर पांढरा झाला. हा कोबा भर उन्हाळ्यात टाकलेला, आणि त्याला पाणी पुरेसं मारलं गेलं नव्हतं. सिमेंट मुरायच्या आधीच वरचा थर सुकला, म्हणून तो आयुष्यभर भुकटी सोडत राहतो. अशी जमीन कितीही झाडा, फडा स्वतःच धूळ तयार करतो. घासून धुऊन, वाळवून सोडियम सिलिकेटचं पातळ द्रावण एक-एक दिवसाआड तीनदा दिलं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून घट्ट होतं. आता तळहात स्वच्छ राहतो आणि ओल्या पोछ्यानं जमीन पुसता येते.

साफसफाईची पद्धत पूर्ण बदलली. कॉम्प्रेसरची हवा बंद, कोरडा फडाही बंद. आधी वरचं, मग खालचं: रॅक, पंख्याची पाती, ट्यूबलाइट, मग टेबलं, मग जमीन. व्हॅक्युमनं ओढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. काम संपल्यावर एक्झॉस्ट अर्धा तास चालू. जमीन सकाळी पुसायची, रात्री तरंगणारं खाली बसल्यावर. पाऊण तासाचं काम वीस मिनिटांवर आलं.

गमछा गेला, एन-९५ मास्क आला. मास्क काम संपल्यावर नव्हे, गॅरेजाबाहेर आल्यावर काढायचा. हे मी अण्णांना हात जोडून सांगितलं. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवलंय. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात मुख्य. सागाच्या धुळीनं काहींच्या अंगाला खाज आणि चट्टे येतात ते वेगळंच. अण्णांच्या मनगटांवर दोन वर्षं पुरळ होतं. ते त्याला घामोळं म्हणत होते. लांब बाह्यांचा सदरा आणि घरात शिरण्याआधी हातपाय धुणं एवढ्यानं ते महिन्यात बरंच कमी झालं. चट्टे वाढले असते तर डॉक्टरांकडे नेलंच असतं.

एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पाट्या) आणि प्लायचा भुसा वेगळ्या पोत्यात. त्यात राळ असते, तो चुलीत घालायचा नाही आणि गोठ्यातही द्यायचा नाही.

तीन आठवड्यांनी

तीच पाच ताटं, त्याच जागा, पुन्हा एक दिवस-रात्र, आणि मधे अण्णांनी मुद्दाम तीन तास घासण्याचं काम केलं. गच्चीवरचं ताट पूर्वीसारखंच करडं. गॅरेजातल्या ताटावर बोटानं रेघ ओढली तर दिसत होती, पण अंधुक. उंबऱ्याशी ठेवलेल्या ताटावर अगदी विरळ थर, आणि रंग करडा. ओट्यावरच्यावर डोळ्याला काही दिसलं नाही. ओलं पांढरं फडकं फिरवलं तर हलकी करडी छटा आली. पाण्यात टाकण्याजोगी चिमूटच जमली नाही. रात्रीच्या टॉर्चमध्ये कण अजून दिसतात, मोजता येतील इतके.

पावसाळा लागला तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. हॉलचा कूलर बंद झाला, त्यामुळे घराकडून येणारा तो दाब गेला. आता भिस्त फक्त एक्झॉस्टवर आहे, म्हणून काम करताना तो बंद ठेवायचा नाही, दहा मिनिटांचं काम असलं तरी. दुसरं म्हणजे ओल. कटरच्या बिडाच्या टेबलावर आठवड्याभरात तांबूस साय आली. भुसा ओल धरून ठेवतो, तो टेबलावर राहिला की त्याखाली गंज आधी येतो. काम संपलं की टेबल कोरडं पुसून मेणाचा हात देतात, आणि भुशाचं पिंप रोज रिकामं होतं.

शटरच्या खालच्या कडेचं काम बाकी आहे. तिथून रस्त्याची काळी माती येतेच, वाऱ्याच्या दिवशी तर आतपर्यंत रेघ उमटते. त्यासाठी ब्रशची पट्टी लागेल, आणि शटर जुनं, थोडं वाकलेलं असल्यामुळे आधी ते सरळ करावं लागेल. दिवाळीच्या आधी ते करायचं ठरलंय.

झोपाळा आखाजीच्या आदल्या दिवशी टांगला गेला. बिबड्यांची दुसरी खेप ताईंनी त्याच बाजेवर, त्याच जागी पसरली. सकाळी डब्यात भरण्याआधी त्यांनी एक उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, अंगठ्यानं पुसली आणि अंगठा पाहिला. मग डबे काढले.